जयमालाचा लॉट नंबर

जय भीम सगळ्यांना. परवा जयमालाच्या पुण्यानुमोदनाला सगळे म्हनले, दत्तू तू बोल. माझ्याच्यानं बोलवलं नाही. म्हनून ह्या ग्रुपवर टाइप करतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी वाशी मार्केटात माथाडी, कांदा-बटाट्याला. जयमाला माझी धाकटी बहीन. महापेला कंप्युटरच्या कंपनीत व्हती. तापाचं निमित्त झालं आन गेली. चौतीस वय.

काय काम करते इचारलं की म्हनायची, गोदाम सांभाळते. मी चिडवायचो, "एसीतलं गोदाम! पाठ तर दुखत नाही तुझी."

"डोकं दुखतं की दादा."

मग एकदा समजावलं. "तुझ्या गोनीवर काय असतं? व्यापाऱ्याचा मार्का, मालाचं नाव, लॉट नंबर. आमचं पन तेच. लोकं प्रोग्राम लिहितात, मशीन त्याची फाइल बांधतं. तिला मार्का, नाव, नंबर लावून गोदामात ठेवायची. ज्याला पायजे तो नंबर सांगून नेतो."

"आन माल खराब निघाला तर?"

"तर नवा माल, नवा नंबर. जुन्या नंबरात दुसरं काय घालायचं नाही. कोनतरी त्याच्या भरवशावर बसलेलं असतं."

ती गेल्यावर बाराव्या दिवशी तिच्या ऑफिसातला धनेश घरी आला. तोंड उतरलेलं. जागा पुरत नव्हती म्हनून त्यानं गोदामातले जुने नंबर पुसले, कोन वापरतंय म्हनून. त्यात जयमालानं ठेवलेला एक नंबर गेला. एका दूध डेअरीचं मशीन अजून तोच मागतंय, नव्यावर चालत नाही. "सोमवारपर्यंत नाही दिला तर मला घरी बसवतील, दादा."

मला रागच आला. बहीन गेली, ह्याला फाइल पडलीय. म्हनलो, "नवीन बनव, जुना नंबर चिकटव. कोनाला कळतंय?"

तो खाली बघून म्हनला, "कोनाला नाही कळनार. पन ताई असती तर काय बोलली असती?"

मी इचारलं, "मग खरा माल आता कुठं मिळंल?"

तो म्हनला, ज्या कंप्युटरावरनं माल एकदा मागवला, त्यात त्याची कॉपी राहते, ताईच्यात असंल. जयमालाचा लॅपटॉप तिच्या ओढनीत बांधून ठेवलेला. माझी पोरगी सोनम कॉलेजला वापरनार व्हती, दुसऱ्याच दिवशी दुकानात नेऊन सगळं पुसून आननार व्हती. पासवर्ड तिलाच म्हाईत, तिनं उघडला.

धनेश एकेक फोल्डर उघडत आत आत गेला. आधी मार्का. त्यात नाव. त्यात नंबर. मला पन वाचता आलं. फाइल व्हती. पन तीच का? जयमालानं डेअरीला तेव्हाच एक चिठ्ठी दिलेली, त्या फाइलची ओळख पटवायला; ती धनेशनं संगं आनलेली. चाळीस अक्षरं-आकडे. एक जरी हुकला तर माल तो नाही. मी चष्मा लावला आन चिठ्ठी वाचायला घेतली, तो स्क्रीनवर ताडून बघत व्हता. मधी दोनदा चुकलो, परत पहिल्यापासनं वाचलं. सोनमनं पानी दिलं. चाळिसावं अक्षर एफ. तिकडं पन एफ.

"इथली जानार तर नाही ना?" मी इचारलं.

"नाही दादा. कॉपी नेतोय."

सोनम म्हनली, "पप्पा, लॅपटॉप नाय पुसायचा आता."

सोमवारी मार्केटात व्हतो, पाठीवर गोनी. फोन वाजला. धनेश. "दादा, मशीन चालू झालं. ताईच्याच नंबरावर."

गोनी उतरवली आन तिच्यावरच बसलो. मुकादम वरडला, "दत्तू, काय झालं रं?"

म्हनलो, "बहिनीचा माल पोचला."