सरांचा ठिपका
तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा वास आला की मला अकोल्यातली ती दुपार आठवते. त्या वर्षांत बाहेरचे लोक वऱ्हाडात फक्त शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं विचारायला यायचे. आम्ही मात्र माझ्या पीएचडीसाठी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे रुग्ण आणि धडधाकट माणसं, दोघांनाही खाणं, बसणं, तंबाखू असं सगळं विचारलं होतं. कॉम्प्युटरने प्रत्येक माणसाचा एक ठिपका केला आणि ज्यांच्या सवयी जुळल्या त्यांचे रंगीत गट पाडले. लाल गटात रुग्ण सगळ्यात जास्त निघाले. माझे मार्गदर्शक सर गालातला खर्रा सावरत म्हणाले, "हे मटण खाणारे मुसलमान. तसंच नाव दे गटाले." पण लाल गटात हिवरखेडचे पाटीलही होते आणि अकोल्याचे अत्तरवालेही, दिवसभर बैठक, तोंडात खर्रा, ताटात भाजी नावापुरती, एवढंच त्यांच्यात सारखं. मी म्हणाले, "सर, मशीनले धर्म सांगतलाच नाई, तं मी कावून लिहू?" "मंग पीएचडी इसर." मी कॉम्प्युटरमध्ये सरांच्याच सवयी भरल्या आणि बटण दाबलं. त्यांचा ठिपका पाटील आणि अत्तरवाल्यांच्या मधोमध, लालभडक पडला. पदवी उशिरा मिळाली, पण गटाचं ते नाव मी छापू दिलं नाही. आता माझे विद्यार्थी गटाला नाव काय द्यायचं ते विचारतात, तेव्हा मी एवढंच म्हणते, "पयले सोताले टाकून पाहा."