नऊ आवाज

बाबांनी ठेकेदाराला सांगितलं की आपल्याला ऐकू येत नाही. त्या दिवशी माझं गाव सुटलं.

गाव खदानीचं. चिखली तालुक्यात, अमडापूरहून जीपनं अर्ध्या तासावर. दिवसभर क्रशर चाले आणि दगडाची भुकटी पिठावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, माझ्या पुस्तकांवर बसे. पुस्तकं विहारातल्या कपाटातली असत. परत करताना मी पानं फुंकून देई. इथून बाहेर पडायचं हे मी दहावीच्या आधीच ठरवलं होतं. बारावी झाली, अकोल्याच्या कॉलेजात नावही लागलं. पाय अडला होता तो बाबांच्या कानांमुळे. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच होतो.

खदानीत दुपारी एकला सुरुंग उडत. बाबा शिट्टी वाजवून सगळ्यांना वर काढत, वाती पेटवत आणि कडुलिंबाखाली येऊन आवाज मोजत. दगडातली जितकी भोकं दारूनं भरली तितके आवाज व्हायला हवेत. एक जरी कमी आला, तर दगडात न फुटलेला सुरुंग आहे असं धरायचं आणि बाबांनी हात हलवेपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही. पंचवीस वर्षांत त्या आवाजांनीच बाबांचे कान नेले. हे फक्त मला ठाऊक होतं. मी डबा घेऊन जाई, कडुलिंबाखाली बसे आणि ओढणीआडून बोटांनी आकडा दाखवी. माणसं माझ्या बोटांवर खाली उतरत होती आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

प्रवेशाला चार दिवस उरले होते. त्या दुपारी मांडीवर पुस्तक होतं. भोकं नऊ होती. पाच आवाज मोजल्याचं मला आठवतं. पुढचे कानावर पडले असतील, पण त्यांची इतकी सवय होती की मी वाचत राहिले. मान वर केली तेव्हा धूर चढत होता आणि बाबा माझ्या ओढणीकडे पाहत होते. मी आठ बोटं दाखवली. कमी सांगितलं तर कुणाचं काही बिघडत नाही, असं वाटलं.

माणसं उन्हात बसून राहिली.

"काका, काऊन बसवून ठेवलं आम्हाले? नऊ झाले ना!" एक ड्रिलवाला ओरडला.

"झोपले असतीन बे काका," दुसरा हसला.

बाबांनी त्यांच्या तोंडांकडे पाहिलं. "आठ म्हंजे आठ."

तासाभरानं ते एकटेच खाली उतरले. प्रत्येक भोकापाशी वाकून, हातानं खडी बाजूला करत पाहू लागले. मी हाक मारली असती तरी त्यांना ऐकू गेली नसती. उठून धावले मात्र नाही. धावले असते तर सगळं उघडं पडलं असतं.

ते वर आले, माझ्याजवळ बसले, डबा उघडला. नऊही फुटले होते.

"चांगलं हाय का पुस्तक?" त्यांनी विचारलं. मी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ते ठेकेदाराला म्हणाले, "मले ऐकू येत नाही शेठ. दोन वर्सं झाले."

ठेकेदारानं त्यांना खुणेनंच विचारलं, मग मोजत कोण होतं?

"पोरगी."

ठेकेदारानं शिट्टी काढून घेतली आणि तोंडाला येईल ते बोलला. बाबांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. मला आलं.

घरी येऊन त्यांनी माझी पेटी ओट्यावर आणून ठेवली. "आता तुयं अठी काय काम? जाय."

मी गेले. बाबांनी पुढची वर्षं क्रशरवर घमेली वाहिली.

यंदाच्या उन्हाळ्यात बाबा गेले. खदान बंद आहे, तिच्यात पाणी साचलं आहे. घराला कुलूप आहे. मी अकोल्यात शिकवते. कुठं फटाके वाजू लागले, की हातातलं पुस्तक मिटते आणि मोजते.