दादाचा बोलणारा हातमोजा

आई गेली आणि घर खायला उठलं. दादा जन्मापासून बहिरा, त्यामुळं मुकाही. त्याच्या खुणा आईला सगळ्या कळायच्या, मला बऱ्याचशा. आबांना एकही नाही. "आईला इचार त्याच्या," एवढ्यावर त्यांनी बापपण निभावून नेलं होतं. आता विचारायला मीच उरले होते, आणि इंजिनिअरिंगची परीक्षा झाली की मीही नोकरीला पुण्याला जाणार होते. माझ्यामागं ही दोघं समोरासमोर जेवायला बसून काय करणार, या विचारानं जीव कासावीस व्हायचा.

म्हणून कॉलेजच्या प्रोजेक्टला मी बोलणारा हातमोजा घेतला. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. बोट वाकलेलं ओळखणारा सेन्सर मागितला तर शाहूपुरीतल्या दुकानदारानं "असलं काय मिळत न्हाय, ताई" म्हणून हात वर केले. मग मी लोकरी मोज्याच्या प्रत्येक बोटावर प्लास्टिकची बारीक नळी शिवली. एका टोकाला चिमुकला दिवा, दुसऱ्या टोकाला उजेड ओळखणारा पार्ट. बोट वाकलं की उजेड कमी पोचायचा, त्यावरून सर्किटला खूण कळायची आणि स्पीकरमधून माझ्या आवाजात भरलेलं वाक्य यायचं. पाणी द्या. भूक लागली. कामावर जातो.

फाउंड्रीतल्या कामावरून आल्यावर दादानं तो पहिल्यांदा घातला. "पाणी द्या," हातमोजा बोलला. आबा दचकले, मग त्यांचे डोळे भरून आले. "बोललं की गं पोरगं!" म्हणत त्यांनी स्वतः तांब्या भरून दिला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पण लवकरच आबा पेपरातून मान वर न करता उत्तरं द्यायला लागले. तीही तोंडानं! "व्हय, देतो." "जा की मग." बहिऱ्या पोराशी पेपराआडून बोलणारा बाप मी तरी दुसरा पाहिला नाही. हातमोजा बोलला की नाही, हे दादाला कळायचं ते समोरच्याच्या चेहऱ्यावरून. आता समोर पेपर. पूर्वी निदान वैतागून का होईना, आबा त्याच्याकडं बघायचे. मला त्या घरात इतकं एकटं आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

एका रविवारी दादानं भुकेची खूण केली. "वाढती की ती," आबा पेपरातूनच म्हणाले. दादानं पुन्हा केली. हातमोजा पुन्हा बोलला.

"ऐकलं की!" आबा ओरडले.

दादानं मोजा काढून खाली टाकला. आबांचा पेपर बाजूला सारला, दोन बोटं त्यांच्या डोळ्यांपाशी नेली आणि मग स्वतःच्या छातीवर टेकवली.

"काय म्हणतोय त्यो?" आबांनी मला विचारलं.

"माझ्याकडं बघा, म्हणतोय."

आबांनी मोजा उचलला, झटकला आणि माझ्या हातात दिला.

"मग ते बी भर की ह्यात," ते माझ्याकडं बघून म्हणाले.