देवाला सांगितलेली गोळी

“परब, ही बुरशी तुमच्या बाटलीतली आहे, बाईच्या छातीतली नाही!”

डॉक्टरसाहेबांनी मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढलं ते असं म्हणतच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बेडक्याची बाटली मी स्वतः उकळून घेतली होती. पण साहेबांचं सगळंच चूक म्हणता येईना. साठच्या दशकातलं आमचं मालवणकडचं इस्पितळ. मी तिथे लॅब टेक्निशियन. पावसाळ्यात साहेबांच्या बुटांना, पट्ट्याला, एकदा तर स्टेथोस्कोपच्या नळीलासुद्धा बुरशी आलेली. घाटावरचा माणूस, तेव्हापासून बुरशीवर त्यांचा रागच होता.

पेशंट होती देवबागची जानकीबाई. मासे विकायची. तिचा आवाज आला की गिऱ्हाईक दुसऱ्याची पाटी सोडून तिच्याकडे वळायचं. आता दोन शब्द बोलली की खोकला, आणि खोकल्यात रक्त. टीबी म्हणावा, तर बेडक्यात टीबीचे जंतू सापडत नव्हते. दिसत होते ते फाटे फुटलेले बुरशीचे धागे. साहेबांना आणखी एक गोष्ट खटकत होती.

“एवढं दुखणं, आणि गाल बघा कसे गरगरीत! टीबीचा माणूस असा दिसतो?”

टीबी असेल तर इंजेक्शनं द्यायची. बुरशी असेल तर ती इंजेक्शनं फुकट, आणि तेवढ्यात बाई हातची जाणार. ठरवायचं कसं?

मुंबईच्या एका लॅबमध्ये तेव्हा नवी रक्ततपासणी होऊ लागली होती. परका जंतू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध रक्तात अँटीबॉडी तयार करतं. त्या शोधायच्या. काचेवर जेलीसारखा थर द्यायचा, त्यात दोन खड्डे पाडायचे. एकात बुरशीचा अर्क, दुसऱ्यात पेशंटचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी. दोन्ही पाझरत एकमेकांकडे येतात. अँटीबॉडी असतील तर मध्ये पांढरी रेघ उमटते.

सीरमची बाटली थर्मासात, मासळीच्या बर्फात बसवून मी मुंबईच्या बोटीवर चढवली. खलाशाला बजावलं, “बाबा रे, ह्येच्यात बांगडे नायत. उघडून बघू नको.”

रिपोर्ट आला. रेघ नाही.

“झालं! बुरशी बाटलीतलीच,” साहेब म्हणाले. “उद्यापासून टीबीची इंजेक्शनं.”

रिपोर्ट माझ्याही डोळ्यांसमोर होता.

सकाळी जानकीबाईचा नवरा भिवा नारळ घेऊन हजर. “सुई टोचूच्या आधी गाऱ्हाणा घालूक व्हया.” गाऱ्हाणं म्हणजे कामाला हात घालण्याआधी देवाला सगळं मोठ्याने सांगायचं, आणि भोवतीच्यांनी होकार भरायचा. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि वॉर्डात गेले. आम्ही फणसाखाली उभे राहिलो.

“बा देवा महाराजा! जानकीच्या छातीत काय बसला आसा ता भायर काढ रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” सगळ्यांबरोबर मीही ओरडलो.

“झिलान मुंबयसून धाडलेली दम्याची गोळी ती वरीसभर रोज खाता. डॉक्टरांका आमी सांगूक नाय. ती चूक पदरात घे रे महाराजा!”

“व्हय महा...” मी म्हटलं आणि तोंड तसंच उघडं राहिलं. काय? मुलाने धाडलेली कसली गोळी? गाऱ्हाणं पुरं होईपर्यंत कसाबसा थांबलो. मग भिवाच्या पिशवीतली गोळ्यांची शिशी घेऊन पळत वॉर्डात.

साहेबांनी शिशीवरचं नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला. “स्टेरॉइड! अहो परब, म्हणून ते गाल! या गोळीने दमा बसतो, पण शरीराची लढायची ताकदही दबते. अँटीबॉडीच धड तयार होत नसतील तर रेघ कुठून उमटणार? रिपोर्ट खरा, आपण काढलेला अर्थ खोटा. आणि बाटली... बाटलीचं मी मागे घेतो.”

ते ऐकून मला जो आनंद झाला, तो पगारवाढीनेही झाला नसता! साहेबांनी स्वतः बाटली उकळली, पुन्हा बेडका घेतला. तेच धागे. पुन्हा घेतला. तेच. इंजेक्शनं राहिली बाजूला. गोळी एकदम बंद करता येत नाही, ती हळूहळू उतरवली, आणि जानकीबाईला शिरेतून द्यायच्या बुरशीवरच्या औषधासाठी मुंबईला धाडलं. बोटीवर चढवताना भिवा रडत होता.

आणि काही महिन्यांनी एके दिवशी इस्पितळाच्या फाटकातून आरोळी आली, “सुरमय घेतास काय गोऽऽ!” वॉर्डातले पेशंट दचकून उठून बसले. मी आणि साहेब धावतच बाहेर गेलो.

साहेब हसत म्हणाले, “काय हो बाई, देवाला सांगितलंत, मग मला का नाही?”

“देव तुमच्यासारखो अंगावर धावान येना नाय,” पाटी उतरवत जानकीबाई म्हणाली.

त्या दिवसापासून साहेबांनी पेशंटवर ओरडणं सोडलं. निदान त्याची सगळी माहिती लिहून होईपर्यंत तरी.