काटा अजून हलतोय

"थांब, उतरू नगंस. काटा अजून हलतोय."

मधुमेह असलेल्या लेकरांच्या आमच्या ओपीडीत मानसतज्ज्ञ बाईंचं हे ठरलेलं वाक्य. खरं तर वजनाचं यंत्र कधीच नवं आलं होतं, आकडे दाखवणारं. त्यात हलायला काटाच नव्हता. पण बाईंना मूल त्यावर आणखी थोडा वेळ उभं हवं असायचं, गप्पांसाठी.

रुजू झाल्यावर त्यांना वेगळी खोली मिळाली, दारावर पाटीसुद्धा. "पाटी वाचून माणसं दारातनंच माघारी फिरत्यात," म्हणत त्यांनी खुर्ची उचलली आणि वजनकाट्यापाशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी तिथली नर्स. वजन तर प्रत्येकालाच करावं लागतं, त्यामुळे बाईंना टाळून डॉक्टरांकडे जाणं कुणाला जमलंच नाही. अशी हुशारी तुम्ही कुठे पाहिलीत का, सांगा.

कडेगावचे एक निवृत्त सुभेदार लेकीला घेऊन यायचे. घरचे म्हणायचे, इन्सुलिन वेळेवर घेते. तरी साखर भडकायची. मागच्या खेपेला तर पोर हाताला लागते की नाही, अशी वेळ आली होती. "या बाईंशी जरा बोला," डॉक्टर वजनकाट्यापाशी येऊन म्हणाले आणि सुभेदार तडकले.

"माझी पोरगी येडी न्हाई!"

"न्हाईच मुळी. चपला काढ गं, वजन करू," बाई पोरीला म्हणाल्या.

त्या दिवशी काटा लय हलला. शेवटी पोर पुटपुटली, "माझ्यापायी घरात पुरणपोळी बंद झालीया. मी औषध मोरीत सोडती. न्हाई घेतलं, की वाटतं आजारच न्हाई."

"आबास्नी तू सांगतीस, का मी सांगू?"

"तुमी सांगा."

बाहेर बाकावर सुभेदार तर अभिमानानं सांगत होते, "तिच्यासाठी समद्या घरानं गोड सोडलंय."

"तुमी गोड सोडलं, आन् तिनं सुई सोडली," बाई त्यांच्यापाशी जाऊन हळूच म्हणाल्या. सुभेदारांनी पोरीच्या आईला हाक मारली.

मग डॉक्टर, बाई आणि पोरीची आई एका टेबलाशी बसले. एका पोळीला इन्सुलिन किती, ते डॉक्टरांनी बसवून दिलं. बेंदराला, बैलांच्या सणाला, पुरण शिजलंच पाहिजे, हा शब्द बाईंनी आईकडून घेतला.

बेंदराआधीच बाई सांगलीला गेल्या, तिथल्या मुलांच्या कॅन्सर विभागात. तिथेही म्हणे वजनकाट्यापाशीच बसतात. ही रीत आमच्याकडे सुरू झाली, हे मी येईल त्याला ऐकवते.

बेंदूर झाल्यावर ती पोर आली. मी वजन लिहिलं, "उतर बाळा," म्हटलं. ती उतरेना. रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "सिस्टर, काटा अजून हलतोय."

मी त्या खुर्चीत बसले. "सांग."

"पैली पोळी मी खाल्ली. समद्यांम्होरं सुई घिऊन. बाईस्नी सांगा."