उजव्या हातावरची तुळस

आज जे लिहितो आहे, ते मी घरातही कधी बोललो नाही. माझ्या सासूबाईंना शेवटची वर्षं मी माझ्याकडे सांभाळलं, याचं कौतुक नातेवाइकांत अजून होतं. पत्नी तर चारचौघांत आवर्जून सांगते. मी मान खाली घालून ऐकतो आणि लोक त्याला नम्रपणा समजतात. ते श्रेय माझं नाही. ते एका म्हातारीचं आहे, जिची मी चौकशी केली होती. कुणाच्या हातावर गोंदण दिसलं की ते प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं.

मी तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून ड्युट्या वाटत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता.

"सायेब, आमच्या हापिसातल्या एका बाईनं सासूच्या हार्टचं बिल लावलं. खासगी दवाखान्याचं. अन् कागदावर सासू आयसीयूत होती तवा मी तिले धाड गावच्या बाजारात मिरच्यांचा भाव करताना पाह्यलं. भाव बी चांगलाच पाडून राह्यली होती."

निनावी फोनमागे बहुधा कुणाचा तरी जळफळाट असतो. पण म्हणून माहिती खोटी असतेच असं नाही. वरिष्ठांना कळवून मी प्राथमिक चौकशी सुरू केली.

सरकारी कर्मचाऱ्याच्या घरात अचानक गंभीर आजारपण आलं आणि खासगी रुग्णालय गाठावं लागलं, तर नियमांत बसणारा खर्च त्याला परत मिळतो. घरात म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांत. विवाहित महिलेला मात्र आधीच निवड करून ठेवावी लागते, आईवडील की सासूसासरे. ही बाई विधवा होती. नवरा नोकरीत असताना गेला आणि त्याच्या जागी ती अनुकंपा तत्त्वावर लागली. तिने सासूचं नाव दिलं होतं. तिची स्वतःची आईही तिच्याजवळच राहायची. गुन्हा दाखल झाला असता तर आधी निलंबन, मग नोकरीही गेली असती. त्या एका नोकरीवर तीन बायका जगत होत्या.

तशीच निवड माझ्याही घरात झाली होती. पत्नी शिक्षिका. लग्नानंतर माझ्या आईवडिलांची नावं लिहायला मीच सांगितलं होतं, आणि त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंही नव्हतं. सासूबाई मेहकरला एकट्या, दम्याने बेजार. "आईला इकडे आणू या का?" पत्नी विचारायची. मी म्हणायचो, "उद्या दवाखाना लागला तर? त्या नियमात बसत नाहीत." पुढे तिने विचारणं सोडून दिलं.

असो. आधी मी रुग्णालयात गेलो. अॅडमिट करताना दिलेलं आधार कार्ड सासूचंच होतं, पण त्यावरचा फोटो जगातल्या कोणत्याही म्हातारीचा वाटावा असा. नर्सला मात्र पेशंट पक्की आठवत होती. "डाव्या हाताला शीर सापडेना. तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं, हिरवंगार. मी म्हटलंसुद्धा, आजी, केवढं दुखलं असेल!"

वृद्ध स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून महिला शिपायाला घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. सून कार्यालयात होती. तिची सासू ओसरीवर तूर निवडत बसली होती. आतल्या खोलीत कुणीतरी खोकत होतं.

"मावशी, काय झालं होतं तुम्हाला?"

"हार्ट आटॅक."

"दुखलं कुठे?"

"हार्टातच न बाप्पा! आटॅक हार्टचा अन् दुखन गुडघ्यात?"

महिला शिपाई हसू दाबत खिडकीकडे पाहू लागली. मी म्हणालो, "दवाखान्यात म्हणतात, पेशंटच्या हातावर तुळस गोंदलेली होती. जरा हात दाखवता?"

म्हातारीने दोन्ही हात पदराखाली घेतले. "मी परक्या माणसाले हात दाखवत नसतो."

"बाईंना दाखवा."

"आज नाही. आज माहा उपास हाय."

उपासाचा आणि हाताचा संबंध मला लागला नाही. पण जबरदस्ती करण्याचा प्रश्नच नव्हता. आठवड्याचा बाजार झाल्यावर येतो म्हणून आम्ही उठलो. पुरावा काय ते संशयिताला आधीच सांगून बसलो, ही माझी चूक. नवशिक्या फौजदारानेही ती केली नसती.

दुसऱ्या खेपेला मी बसायच्या आधीच म्हातारीने हात पुढे केला. "घ्या पाहून. तुळस."

तुळस होती. उजव्या हातावर. भोवतीची कातडी लाल होऊन सुजलेली, वरून हळद थापलेली. बाजारात गोंदणाऱ्याकडे जाऊन सत्तरी ओलांडलेल्या बाईने ती टोचून घेतली होती.

मी इतकी वर्षं लोकांना खोटं बोलताना पाहिलं होतं. स्वतःच्या अंगाला टोचून कुणी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. तेवढ्यात आतून आवाज आला.

"येडी रे बाई, येडी! पोरपणी गोंदनारीन आली त सुईले भिऊन कडब्याच्या गंजीमागे लपली होती म्हने, अन् आता या वयात?"

भिंतीला धरून दुसरी म्हातारी, सुनेची आई, दारात आली. तिने डावा हात लांब केला. हिरवी, जुनी, पसरट झालेली तुळस. "सायेब, इकडं पाहा. खरी ही हाय. दवाखान्यात मी होती."

"तू काऊन उठली वं? डाक्टरनं काय सांगतलं तुले?" सासू ओरडली, आणि दोघी विहिणी माझ्यासमोर भांडू लागल्या. भांडता भांडता एकीने दुसरीला धरून पाटावर बसवलं.

मग सासूने सांगितलं. विहिणीच्या छातीत कळ आली तेव्हा सून कामावर होती. तिला रिक्षात घालून सासूनेच दवाखाना गाठला आणि काउंटरवर स्वतःचं नाव सांगितलं. "माहा लेक गेला तवा मी अन्न सोडलं होतं, सायेब. हिनं घास भरवले मले. माह्या नावाचा हक्क असाच पडून होता. मले त साधं पडसं येत नाही. तिले लागला, तिले देल्ला."

"मावशी, हक्क असा उसना देता येत नाही."

"काऊन? आम्ही त बैल बी देतो."

संध्याकाळी सून आली. सासू घाईघाईने म्हणाली, "हिले काही ठाऊक नव्हतं." सून शांतपणे म्हणाली, "ठाऊक होतं, साहेब. सही माझीच आहे."

मी अहवालात जसं घडलं तसं लिहिलं, काही लपवलं नाही. आजार खरा, उपचार खरे, बिल खरं, नाव खोटं. मंजुरी अजून झाली नव्हती. सुनेने बिलाचा प्रस्ताव लेखी मागे घेतला आणि चूक कबूल केली. वरिष्ठांनी गुन्हा नोंदवला नाही, विभागाने वेतनवाढ रोखली. दवाखान्याचा खर्च त्या घराने सोसला. नोकरी वाचली.

नोकरीत मी शिकलो होतो की खोटं बोलणारा माणूस स्वतःसाठी बोलतो. त्या ओसरीवर ते खोटं ठरलं. नियम कुणाच्या औषधाचे पैसे कोण भरेल हे ठरवतो. आपलं माणूस कोण, हे तो ठरवत नाही. मी मात्र नियमाचं नाव पुढे करून एका म्हातारीला मेहकरला एकटं ठेवलं होतं.

पुढच्याच रविवारी जीप करून सासूबाईंना घरी आणलं. दम्याची औषधं माझ्या पगारातून येत राहिली आणि काहीही अडलं नाही. त्या आमच्या अंगणात उन्हात बसायच्या, मला "बापू" म्हणायच्या. माझ्या संसारातले ते सगळ्यात चांगले दिवस होते. सुजलेल्या हाताची ती बाई भेटली नसती, तर ते मला मिळाले नसते.

त्या रविवारी जीपमध्ये पत्नीने विचारलं होतं, "एकदम कसं सुचलं तुम्हाला?"

मी म्हणालो होतो, "सुचलं."

त्या म्हातारीचे आभार मानायला मी कधी गेलो नाही. ते देणं आता फिटणार नाही. पत्नीला त्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र मी अजून देणं लागतो.