दारापर्यंतची टोळी

हेल्मेटच्या आत घाम साठतो, तसे आमच्या टोळीत किस्से साठतात. बाहेरून कुणाला दिसत नाहीत आणि काढल्याशिवाय डोकं हलकं होत नाही. बैठकीला चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतं, "काकू, तो टॉवरवाला सांगा ना." मी सांगते. मग जोशी म्हणतो, असं झालंच नव्हतं. जोशी ज्याबद्दल असं म्हणतो ते हमखास झालेलं असतं. म्हणून आता लिहूनच काढते.

आधी टोळी म्हणजे काय ते सांगते. ज्या लहान मुलांचं मोठ्या माणसांनी वाईट केलं, त्यांना भीती वाटू नये म्हणून आम्ही मोटरसायकली घेऊन त्यांच्या सोबतीला जातो. शाळेत, पोलिसांत, कोर्टात. मारामारी करत नाही, भाषण देत नाही, काय झालं ते मुलाला कधीच विचारत नाही. दारापर्यंत जातो, दाराबाहेर उभे राहतो, मूल बाहेर आलं की घरी सोडतो. एवढं साधं काम लोकांना समजावण्यात माझी सत्तरी उलटली.

माणसं मोजकी. जोशी पुण्याचा, गुडगावात आयटी कंपनीत मॅनेजर. त्याला तहान लागली तरी तो आधी स्लाइड बनवतो. हरप्रीतचं टायरचं दुकान आहे. डॉक्टर डिमेलो वसईचे, दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडून स्वतःचं मिटलेलं. आणि मी. माझी मोटरसायकल नाही, स्कूटर आहे. चौथीनंतर शाळा सुटली. वाचायला वर्तमानपत्रावर शिकले, इंग्रजी मिस्टरांच्या सरकारी सर्क्युलरांवर आणि स्कूटर ते गेल्यावर दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणी बिघडवलंही नाही.

* * *

टोळीत यायचं तर पोलीस व्हेरिफिकेशन लागतं. लागलंच पाहिजे, मुलांचा प्रश्न आहे. तर एक हवालदार माझ्याकडे आला. त्याच्या कागदावर "बाइक ग्रुप" असं लिहिलेलं, आणि दार उघडलं तर मी, हाताला थालीपिठाचं पीठ.

"माताजी, घर में कोई बाइकर है?"

"मैं हूँ."

त्याने कागद पाहिला, मला पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "गैंग में आपका काम क्या है?"

"खड़ी रहती हूँ."

"बस?"

"आपके थाने में इतना भी कौन करता है, भैया?"

थालीपीठ खाऊन गेला. रिपोर्ट नंतर जोशीने मला दाखवला. लिहिलं होतं, "चाल-चलन ठीक. ज़बान तेज़."

* * *

मग आमच्याकडे गुड्डी आली. हे तिचं खरं नाव नाही. खरं नाव कायदाही सांगू देत नाही आणि मीही देणार नाही. आठ वर्षांची. आई नाशिकची, गुडगावात नोकरी, घरात दोघीच. सोसायटीत अबॅकसचे क्लास घेणारे एक सर होते. फार सज्जन, सगळ्यांच्या वाढदिवसाला हजर. त्या सज्जनाविरुद्ध आईने तक्रार केली. ते जामिनावर सुटून त्याच सोसायटीत, दुसऱ्या टॉवरमध्ये राहत होते, रोज सकाळी वॉकला जात होते, आणि इकडे गुड्डीने घराबाहेर पडणं सोडलं होतं. शाळा बंद. आणि पुढे कोर्टात जाऊन तिला स्वतः बोलायचं होतं. ती बोलली तर केस, नाही बोलली तर सर पुन्हा अबॅकस शिकवायला मोकळे. सगळं त्या एका गोष्टीवर अडलेलं.

पहिली भेट मुलाच्या घरी नाही, असा आमचा नियम. म्हणून आई तिला कॅबने माझ्या पार्किंगमध्ये घेऊन आली. आणखी एक रिवाज असा, की आम्हाला नावं मूल ठेवतं. मोठ्यांनी ठेवलेल्या नावांनी हाका मारायची त्याच्यावर सक्ती नाही. जोशीला हे माहीत होतं, तरी पठ्ठ्याने चामड्याच्या जॅकेटवर पाठीला आधीच 'थंडर' शिवून आणलं होतं. मे महिन्यातल्या दिल्लीत चामड्याचं जॅकेट. गुड्डीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तो पांढराफटक पडला होता आणि त्याला पाणी सुटलं होतं.

"हे पनीर," ती म्हणाली.

तिचा त्या महिन्यातला आईखेरीज कुणाशीही बोललेला तो पहिला शब्द. जोशीने त्याच रात्री 'थंडर' उसवून काढलं, हे मात्र त्याचं मान्य करावं लागेल. जोशीला वारा घालणारा हरप्रीत झाला पंखा, डिमेलो झाले चुपचाप अंकल. मला तिने वॉचमन आजी केलं.

मग हेल्मेट. प्रत्येक मुलाला आम्ही एक देतो. हे खातं हरप्रीतकडे, कारण पगडीमुळे टोळीत तो एकटाच असा, ज्याला स्वतःला हेल्मेट लागत नाही, म्हणून निःपक्षपाती. त्याने गुडघ्यावर बसून तिच्या डोक्यावर लाल हेल्मेट ठेवलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "जब तक चाहिए, तेरा. जिस दिन ना चाहिए, उसे दे देना जिसे तुझसे ज़्यादा ज़रूरत हो."

गुड्डीने पट्टा लावला. पुढचे सात महिने तिने तो फक्त आंघोळीला काढला.

* * *

आता टॉवरवाला.

सोसायटीत एक कागद फिरत होता, की गुड्डीच्या आईने फ्लॅट सोडावा, सोसायटीच्या शांततेसाठी. सरांनी सोडावा असं कुणाच्या डोक्यात नाही आलं. ते ओनर, ही भाडेकरू. मायलेकी घाबरल्या, तेव्हा आम्ही ठरवलं की रोज संध्याकाळी पाच ते सात दोघं-तिघं दाराबाहेर बसायचं. बेल वाजवायची नाही, गाजावाजा नाही.

त्या सोसायटीत चौदा टॉवर, सगळे एकाच साच्यातले, नावं इटलीतल्या गावांची. राहणारेसुद्धा आपला टॉवर कुंड्यांवरून ओळखत. जोशी म्हणाला, "डोंट वरी, काकू, मॅप आहे." मॅप म्हणजे बिल्डरचं ब्रोशर. त्यात मेन गेट तलावाच्या बाजूला. प्रत्यक्षात त्या बाजूला तलाव नाही, नाला आहे, आणि गेट दुसऱ्या टोकाला. जोशीने ब्रोशरमधल्या गेटपासून पाचवा टॉवर मोजला.

अकराव्या मजल्यावर आम्ही बसलो. पहिल्या दिवशी दार साखळीपुरतं उघडलं, एका गृहस्थाने डोळा लावला आणि दार बंद केलं. दुसऱ्या दिवशी आतून चहा आला. मी म्हटलं, गुड्डीकडे पाहुणे आलेले दिसतात, चांगले आहेत. तिसऱ्या दिवशी तेच गृहस्थ बाहेर आले, हातात एक कागद.

"देखिए जी, मैंने अपना साइन काट दिया है. बाकियों का भी कटवा दूँगा. आप लोग प्लीज़ घर जाइए."

ते सोसायटीचे सेक्रेटरी होते. तो कागद त्यांनीच काढला होता.

तेवढ्यात गुड्डीच्या आईचा फोन. "काकू, तुम्ही तीन दिवस कुठे दिसत नाही, पण फार आधार वाटतो हं. जोशी म्हणालेच होते, अदृश्य राहणार म्हणून."

पुढच्या बैठकीत जोशीने स्लाइड लावली, 'फेज वन: सक्सेसफुल'.

* * *

शाळेत सोडायला आम्ही चार गाड्या घेऊन गेलो. प्रिन्सिपल बाई धावत गेटवर आल्या. त्यांना गुड्डीची चिंता नव्हती, इमेजची होती. "क्लास फोटो है आज. हेल्मेट तो उतारना पड़ेगा ना? पेरेंट्स क्या सोचेंगे?"

"सोचेंगे तो अच्छा ही है," मी म्हटलं. "आदत पड़ेगी."

फोटो निघाला. बेचाळीस मुलं आणि एक लाल हेल्मेट.

आठवड्याने गेटवर एक वडील माझ्याजवळ आले. मोठी गाडी, कानात फोनचं यंत्र. म्हणाले, आमच्या बेटूलाही ही सर्व्हिस हवी. चार बाइक, अशीच एंट्री.

मी हळू आवाजात विचारलं, "बच्चे के साथ कुछ हुआ है?"

"नहीं नहीं, बिल्कुल नहीं. बस मैथ्स में थोड़ा वीक है. कॉन्फिडेंस आ जाएगा."

* * *

गुडगावातल्या एका कंपनीला समाजसेवा करायची होती. शुक्रवारी, लंचच्या आधी. एचआरची मुलगी आली, गोड होती बिचारी. म्हणाली, पोस्टरसाठी मुलीचा फोटो हवा. "सैड चाहिए, आंटी, पर बहुत सैड नहीं."

मी म्हटलं, मुलगी मिळणार नाही. फोटो हवाच तर माझा घ्या, मीही थोडीशीच सैड आहे. तिने खरंच घेतला. महिन्याने डिमेलो त्या कंपनीत दातांच्या कॅम्पला गेले आणि परत येऊन वर्षातलं त्यांचं सर्वांत लांब वाक्य बोलले.

"काकू, लिफ्टजवळ तुमचं पोस्टर आहे. ओळख लपवायला चेहरा धूसर केलाय, पण पदर खोचलेला आहे आणि हात कमरेवर आहेत."

* * *

कोर्टाची तारीख जवळ आली, तशी माझ्याकडे मराठी मंडळाचे अध्यक्ष आले. सर आपल्यातलेच निघाले होते; गणपतीत आरत्या खड्या आवाजात म्हणणारे. अध्यक्षांनी चहा घेतला, आमची गॅलरी छान आहे म्हणाले, हवेला नावं ठेवली. मग मुद्द्यावर आले.

"काकू, तुम्ही एवढ्या सिनियर. मुलीच्या आईला समजवा. आपसात मिटवून टाकू. कोर्टात गेलं की उगाच मुलीचं नाव जाईल."

"मुलीचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे," मी म्हटलं. "नाव जाईल ते सरांचं."

"तेच तर म्हणतोय मी," अध्यक्ष म्हणाले.

त्यांना आपण काय बोललो ते जिना उतरेपर्यंत कळलं नसावं. दुसऱ्या मजल्यावरच्या पायऱ्यांवर पावलं थांबल्याचं मला ऐकू आलं. मग निघून गेले. त्या वर्षी मला गणपतीचं निमंत्रण आलं नाही. मी गेले. टोळीला घेऊन गेले. डिमेलोंनी प्रसाद दोनदा घेतला.

* * *

दोन तारखा वाया गेल्या. एकदा सरकारी वकील रजेवर, एकदा टाइप करणारा. दोन्ही वेळा गुड्डी सकाळपासून तयार होऊन बसली आणि दोन्ही वेळा तशीच घरी आली. तिसऱ्या तारखेला कॉरिडॉरमध्ये सरांचे हितचिंतक जमले होते. वीसेक असतील, इस्त्रीचे कपडे, कपाळाला गंध. त्यांना पाहिलं आणि गुड्डी बाकावर बसली.

"मला नाही जायचं."

जोशीने तोंड उघडलं. मी त्याच्या बुटावर पाय दिला. समजूत घालायची नाही, हा आमचा सगळ्यात कडक नियम. जायचं की नाही ते मूल ठरवतं. आई भिंतीकडे तोंड करून उभी. पुकारा झाला. आम्ही गप्प. सात महिने ज्यासाठी उभे राहिलो ते डोळ्यांदेखत निसटत होतं.

हेल्मेटचा पट्टा घट्ट करून तिने विचारलं, "आजी, तुम्ही आत येणार?"

"नाही ग. मी दारापर्यंत."

"पनीर?"

"तोही दारापर्यंत."

"मग आत कोण असतं?"

"तू, आई आणि जजमॅडम. वकील असतात. सर पडद्यामागे, ते तुला दिसणार नाहीत."

तिने डोक्यावर टकटक केलं. "आणि हे?"

"ते तुझं आहे. ते कुठेही येईल."

ती उठली. दारावरच्या शिपायाने हात आडवा घातला. "हेल्मेट अंदर अलाउड नहीं है."

हरप्रीत पुढे झाला. अगदी नम्रपणे म्हणाला, "भाईसाब, पगड़ी अलाउड है?"

"है."

"तो समझो ये इसकी पगड़ी है."

शिपाई विचारात पडला. आतून बाईचा आवाज आला, "आने दो उसे." दार उघडलं आणि लाल हेल्मेट आईचा हात धरून आत गेलं.

दोन तास. आम्ही चौघं दाराशी उभे. माझे गुडघे बोलत होते, त्यांना गप्प केलं. हितचिंतक आधी घड्याळाकडे बघायला लागले, मग एकेक करून चहाला गेले, मग दिसेनासे झाले. डिमेलो हाताची घडी घालून दाराकडे बघत होते, जोशीच्या हातात स्लाइड नव्हती.

दार उघडलं. आधी आई आली. डोळे लाल, पण मान ताठ. "सगळं बोलली," म्हणाली. "एकदासुद्धा थांबली नाही." मागून गुड्डी. घामाने केस कपाळाला चिकटलेले, डोकं मोकळं. सात महिन्यांत मी तिचे कान पहिल्यांदा पाहिले.

"अग, हेल्मेट आत राहिलं वाटतं," जोशी दाराकडे वळला. "थांब, मी आणतो."

"नाही राहिलं," गुड्डी म्हणाली. "जजमॅडमला दिलं."

"त्यांना कशाला?"

"त्यांना रोज यायला लागतं ना इथे."